सिडनीचं बुटीक, ग्वांगझूचा ड्रेस
किंमत कशी ठरते : भाग ९

मागच्या भागात आपण छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांतलं अंतर पाहिलं. या आठवड्यात ज्या दुकानांविषयी लिहितो आहे, त्यांची मूळ किंमत तर खोटी असतेच, पण त्यांचा पत्ता, मालक आणि दुकानसुद्धा खोटं असतं.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर एक जाहिरात येते. लाकडी कपाटांचं छोटंसं दुकान, दारात रुपेरी केसांची हसरी बाई, आणि खाली मजकूर : इतकी वर्षं मायेनं चालवलेलं आमचं घरचं बुटीक आता आम्ही जड अंतःकरणानं बंद करत आहोत, उरलेला माल ७० टक्क्यांपर्यंत सवलतीत. दुकानाच्या नावात मेलबर्न, सिडनी किंवा अ‍ॅडलेड. १७९ डॉलरचा लिननचा ड्रेस ५९ डॉलरला, आणि शेजारी उलटं चालणारं घड्याळ. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे चित्र चांगलंच ओळखीचं असेल. ऑर्डर दिली की दोन-तीन आठवड्यांनी राखाडी प्लास्टिकच्या पिशवीत पार्सल येतं. त्यावर दुकानाचं नाव नसतं. पाठवणाऱ्याच्या जागी चीनमधल्या एखाद्या गोदामाचा पत्ता असतो. आत कुरकुरीत पॉलिएस्टरचा ड्रेस, मानेजवळचं लेबल कापलेलं, आणि लिननचा एक धागाही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगानं जुलै २०२५ मध्ये अशा चार संकेतस्थळांची नावं घेऊन जाहीर इशारा दिला. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून अशा ६० ऑनलाइन दुकानांविषयी किमान ३६० तक्रारी आल्याचं आयोगानं सांगितलं. या दुकानांना तिथं ‘घोस्ट स्टोअर’ म्हणतात. ब्रिटनमध्येही हाच प्रकार चालू आहे. बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं दुकान चालवणारं जोडपं म्हणून मिरवणाऱ्या एका संकेतस्थळाचा परतीचा पत्ता चीनमधला निघाला, हे बीबीसीनं २०२५ मध्ये दाखवून दिलं. दुकानदारांचे असे फोटो आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काही मिनिटांत बनवून घेता येतात.

हा धंदा चालतो कसा, ते पाहू. ग्वांगझू हे दक्षिण चीनमधलं कपड्यांचं मोठं केंद्र. तिथल्या शिसानहांग भागातल्या घाऊक बाजारात आणि आसपासच्या हजारो छोट्या कारखान्यांत रोज नव्या डिझाइनचे कपडे निघतात. कारखानदार त्यांचे फोटो आणि व्हिडिओ अलीबाबाच्या ‘१६८८’ या घाऊक संकेतस्थळावर टाकतात, परदेशी गिऱ्हाइकांसाठी ‘अलीएक्सप्रेस’वर टाकतात. बुटीकवाला ते फोटो उचलतो, शॉपिफायसारख्या सेवेवर एका दुपारात दुकान उभं करतो आणि जाहिरात सुरू करतो. माल तो विकत घेऊन ठेवत नाही. तुमचे पैसे आले की मग तो पुरवठादाराला ऑर्डर देतो आणि पुरवठादार परस्पर तुमच्या घरी पार्सल धाडतो. या पद्धतीला ड्रॉपशिपिंग म्हणतात. कापड हातात न घेता कपडे विकता येतात ते यामुळेच. ‘लिनन’ लिहिलेल्या ड्रेसमध्ये लिनन आहे की नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यानं तो ड्रेस कधी पाहिलेलाच नसतो.

एकेक ड्रेस असा समुद्रापलीकडे पाठवणं परवडतं कसं? पूर्वी याचं एक कारण टपालाचे दर होते. जागतिक टपाल संघाच्या जुन्या दररचनेत विकसनशील देशांकडून येणारं टपाल पोहोचवण्यासाठी श्रीमंत देशांच्या टपालखात्यांना कमी मोबदला मिळे, आणि चीनला या सवलतीचा भरपूर फायदा झाला. २०१८ मध्ये अमेरिकेनं संघ सोडण्याची धमकी दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात ती रचना बदलावी लागली. दुसरं कारण आयात शुल्कातली सूट. ऑस्ट्रेलियात १००० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आजही आयात शुल्क लागत नाही. २०१८ पासून त्यावर जीएसटी आहे, पण तो विक्रेत्यानं नोंदणी करून भरायचा असतो. अमेरिकेत ही सूट ८०० डॉलरपर्यंत होती. चीनहून येणाऱ्या मालासाठी ती मे २०२५ मध्ये आणि बाकी जगासाठी त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस बंद झाली.

आता किंमत. इथून पुढचे आकडे मी उदाहरणासाठी मानलेले आहेत. ड्रेस ९ डॉलरला मिळाला आणि पाठवायला १० लागले, म्हणजे खर्च १९. विक्री ५९ ला. वाचणारे ४० डॉलर सगळे बुटीकवाल्याच्या खिशात जातात असं आपल्याला वाटतं. पण त्याचं दुकान कोणत्याही रस्त्यावर नाही, जुनं गिऱ्हाईक नाही, नाव नाही. प्रत्येक गिऱ्हाईक त्याला फेसबुक-इन्स्टाग्रामकडून विकत घ्यावं लागतं. शंभर जणांना जाहिरात दाखवावी तेव्हा एखादा खरेदी करणार. त्या एका विक्रीमागं जाहिरातीचे २० ते २५ डॉलर सहज जातात. पैसे स्वीकारण्याचं शुल्क आणि तक्रारी मिटवण्याचा खर्च धरला, तर हातात दहा-बारा डॉलर उरतात. ड्रेसपेक्षा जाहिरात महाग पडली. किमतीतला मोठा वाटा तुम्हाला शोधून गळाला लावण्याचा आहे, आणि ‘दुकान बंद होतंय’ ही कहाणी त्यासाठीच रचलेली असते, कारण ती कहाणी विक्री वाढवून जाहिरातीचा खर्च वसूल करून देते. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या आयोगानं दुकानांना इशारा देऊन न थांबता मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) आणि शॉपिफाय यांनाही पत्रं लिहिली. मला हे पाऊल सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दुकान एका रात्रीत नाव बदलून पुन्हा उभं राहतं. जाहिरातीचे पैसे घेणारी कंपनी मात्र जागची हलत नाही. जबाबदारी तिच्याकडेच मागायला हवी.

शिवणाऱ्याच्या वाट्याला यातलं काय येतं? स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेनं २०२१ मध्ये ग्वांगझूच्या पानयू भागातल्या, ‘शीन’ या ऑनलाइन फॅशन कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांची पाहणी केली. तिथं कामगार आठवड्याला ७५ तासांपर्यंत शिलाई करत होते, मजुरी नगावर आणि सुटी महिन्यातून एखादीच. अशा कारखान्यांत तयार झालेल्या ड्रेसची किंमत सिडनीच्या नावाखाली सहापट होते, तेव्हा त्या वाढीतला एक सेंटही मशीनवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. हे वाचल्यापासून ‘हस्तकला’, ‘मायेनं शिवलेलं’ असे शब्द त्या जाहिरातींत दिसले की मला संताप येतो.

पण स्वस्तात घेऊन महाग विकणं हा गुन्हा नाही, हे इथंच स्पष्ट करायला हवं. आपल्याकडे हजारो बायका घरबसल्या कपडे विकतात. मीशो ही २०१५ मध्ये सुरू झालेली कंपनी वाढली ती याच ताकदीवर : कॅटलॉग व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, आपलं मार्जिन लावायचं, ऑर्डर घ्यायची. एखादी ताई सुरतेला किंवा दादरच्या हिंदमाताला जाऊन शंभर कुर्ते हाताळते, त्यातले वीस निवडते, रंग जाईल असा बाजूला काढते, फिटिंग करून देते, नाही आवडला तर बदलून देते. तिनं दुप्पट लावले तरी ते तिच्या नजरेचे आणि कष्टाचे पैसे आहेत. नुकसान झालं तर तिचंच होतं. भुताच्या दुकानात ती निवड नसते आणि ती जोखीमही नसते.

भारतात चीनहून थेट पार्सल येण्याची वाट मात्र बरीच आक्रसली आहे. पूर्वी परदेशी अ‍ॅपवरचे कपडे ५००० रुपयांपर्यंतची ‘भेटवस्तू’ म्हणून शुल्काविना येत. मुंबईच्या सीमाशुल्क विभागानं या पार्सलांवर करडी नजर ठेवली आणि डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं राख्या आणि जीवरक्षक औषधं वगळता ती सवलतच काढून टाकली. जून २०२० मध्ये शीन आणि क्लब फॅक्टरीवर बंदी आली, नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर. शीन २०२५ मध्ये रिलायन्सच्या हातून परतली, ती भारतात शिवलेले कपडे घेऊन. त्यामुळे आपल्या इन्स्टाग्रामवरचा ‘इम्पोर्टेड कोरियन ड्रेस’ हा बहुधा घाऊकवाल्याकडून दोन-तीन हात फिरून आलेला असतो. तो कोरियाचा असेल याची हमी कोणीच देत नाही.

कायदा मात्र आपल्याकडे बरा आहे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून लागू आहेत. त्यांनुसार विक्रेत्यानं एकूण किंमत, माल कोणत्या देशातला आणि तक्रार कोणाकडे करायची, हे खरेदीआधी सांगायचं असतं. माल वर्णनाप्रमाणे नसेल, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ अशी पाटी लावली तरी. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई निर्माण करणं, म्हणजे ते उलटं घड्याळ, अनुचित प्रथा ठरवलं आहे.

खरेदीआधी दोनच गोष्टी करा. ड्रेसचा फोटो गुगल लेन्सवर टाका; तोच फोटो पाच वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत, पाच किमतींना दिसला तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. मग परतीच्या अटींचं पान शेवटपर्यंत वाचा. परदेशात स्वखर्चानं पाठवा असं लिहिलं असेल, तर तो खर्च ड्रेसच्या किमतीला भिडतो, आणि म्हणूनच ही दुकानं ‘कपडा ठेवा, २० टक्के परत घ्या’ असा सौदा पुढं करतात. फसवणूक झालीच, तर तो सौदा मान्य करू नका. कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दावा करा आणि पार्सलवरचा पत्ता, कपड्याचं लेबल, मूळ जाहिरात या तिन्हींचे फोटो जोडा. भारतातल्या विक्रेत्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

(पुढच्या आठवड्यात : ऑनलाइन परत केलेला कपडा पुढे कुठे जातो)