दोस्तीच्या हिशेबात वऱ्हाड

अकोला जिल्ह्यात, अकोटच्या पश्चिमेला, तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. इंग्रजांच्या कागदांत त्याचं ‘आरगाव’ झालं. 29 नोव्हेंबर 1803 च्या दुपारी आर्थर वेलस्लीची फौज या शिवारात उतरली, तेव्हा तिच्यासोबत दौलतराव शिंद्यांचे वकीलही होते. सहा दिवसांपूर्वीच, 23 नोव्हेंबरला, त्यांनी शिंद्यांच्या वतीने इंग्रजांशी तहकुबीचा करार केला होता. समोर उभी होती नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज. ती लढवत होते त्यांचे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्या बापू. आणि त्यांच्या बाजूला शिंद्यांचेच घोडेस्वार होते.

वकिलांनी वेलस्लीला गळ घातली की हल्ला करू नका, आपली तहकुबी झालेली आहे. वेलस्लीचं उत्तर कायदेशीर होतं आणि सोयीचंही. भोसल्यांशी आपली काहीच बोली झालेली नाही. शिंद्यांशी झाली, पण तिची अट त्यांनी पाळलेली नाही. शिंद्यांची फौज एलिचपूरच्या पूर्वेला वीस कोसांवर जावी, अशी ती अट होती. अडगाव तर एलिचपूरच्या पश्चिमेला! दुपार कलता कलता लढाई सुरू झाली.

शाळेच्या इतिहासात ही लढाई दोन ओळींत आटोपते. तिचे आकडे त्याच युद्धातल्या, दोन महिने आधीच्या असईच्या लढाईसारखे भयंकर नाहीत. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास, आणि मराठ्यांच्या 38 तोफा त्यांच्या हाती लागल्या. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. असईत तोफांच्या तोंडी जाऊन टिकलेल्या शिपायांच्याच तीन पलटणी इथे पहिल्या भडिमारात मागे पळाल्या. वेलस्ली जवळ होता म्हणून त्या सावरल्या. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

मला या लढाईपेक्षा तिच्या दोन्ही बाजूंच्या दोस्त्यांमध्ये जास्त रस आहे. एक दोस्ती मैदानावरच उघडी पडली. ज्याच्या खांद्याला खांदा लावून भोसले लढत होते, त्या शिंद्यांनी आधीच वेगळा कागद केला होता. एक दोस्त तह करतोय आणि दुसऱ्याने मात्र लढायचं, यातून पुढे काय होणार ते दिसतच होतं. 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. 17 डिसेंबरला देवगावला भोसल्यांनी तह केला आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी. दोघांनीही सह्या वेगवेगळ्या, आपापल्या. रघूजींनी शिंद्यांना या तहकुबीबद्दल पुढे काय सुनावलं असेल, याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही.

दुसरी दोस्ती इंग्रज आणि हैदराबादच्या निजामाची. ती टिकली. कशी टिकली, हे पाहण्याजोगं आहे.

23 सप्टेंबरला असईत कंपनीची सव्वाचारशेच्या वर माणसं मेली आणि अकराशेच्या वर जखमी झाली. इतक्या जखमींना ठेवायला पक्की, सुरक्षित जागा हवी होती. जवळ दौलताबाद होतं. किल्ला निजामाचा, म्हणजे दोस्ताचा. किल्लेदाराने जखमींना आत घ्यायला नकार दिला. शेवटी दवाखाना अजिंठ्याला उभारावा लागला. तिकडे धारूरच्या किल्लेदारानेही कंपनीच्या फौजेला आसरा दिला नाही. ज्या लढाईत निजामाच्या मुलखाचं रक्षण हेही एक कारण म्हणून सांगितलं जात होतं, त्याच लढाईतल्या घायाळांना निजामाचं दार बंद. गोळी दोस्ताची नव्हती, दार दोस्ताचं होतं. छावणीत पडलेल्या जखमी शिपायाला या दोहोंत फार फरक वाटला असेल असं नाही.

वेलस्ली चिडला, तक्रारी हैदराबादला गेल्या. तिथे कंपनीचा रेसिडेंट होता जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. गादीवर सिकंदर जाह होता, आणि तोही नुकताच. बाप निजाम अली 6 ऑगस्टला वारला होता, म्हणजे युद्ध सुरू होतानाच. नव्या गादीला कंपनीचा आधार हवा होता आणि मराठ्यांशी लढाई चालू असताना कंपनीला निजामाची पाठ हवी होती. अशा वेळी किल्लेदाराच्या उद्धटपणाचं खापर थेट निजामाच्या डोक्यावर फोडणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. मग त्यातून निघालं ते एक कलम. 9 जानेवारी 1804 ला कंपनी आणि निजामाच्या जुन्या तहाला जोड दिली गेली की यापुढे एका सरकारच्या फौजेला दुसऱ्या सरकारच्या किल्ल्यांत प्रवेश मिळेल. किल्लेदार चुकला की दरबाराच्याच मनात खोट होती, हा प्रश्न त्या कलमात कुठेच नाही. तो विचारायचाच नव्हता.

आणि त्यानंतर चारच महिन्यांत या चुकार दोस्ताला बक्षीस मिळालं. देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, सोडला होता. 1804 च्या एप्रिलात जिंकलेल्या प्रदेशाची वाटणी झाली, तेव्हा तो निजामाच्या पदरात पडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले, आजूबाजूच्या काही परगण्यांसह, भोसल्यांकडे राहिले. पुढे 1822 च्या तहाने तेही निजामाकडे गेले. म्हणजे ज्याच्या लोकांनी जखमींना दार लावलं त्यालाच वऱ्हाड. इथल्या कास्तकाराला कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दोस्त सरकारांचं असं वागणं एकोणिसाव्या शतकातच संपलं, असं कोणाला वाटत असेल तर अलीकडची प्रकरणं चाळावीत. एप्रिल 2002 मध्ये अफगाणिस्तानात कंदाहारजवळ, टार्नक फार्मवर, कॅनडाचे सैनिक रात्री गोळीबाराचा सराव करत होते. वरून जाणाऱ्या अमेरिकी एफ-16 विमानाच्या वैमानिकाला वाटलं की आपल्यावर मारा होतोय. त्याने पाचशे पौंडी बॉम्ब टाकला. चार कॅनडियन मेले, आठ जखमी झाले. कॅनडाने आपल्या माजी सेनाप्रमुखाच्या अध्यक्षतेखाली स्वतःची चौकशी केली, अमेरिकेने स्वतःची केली आणि तिच्यात एका कॅनडियन अधिकाऱ्यालाही बसवलं. वैमानिकावर सुरुवातीला मनुष्यवधाचा आरोप होता. 2004 मध्ये प्रकरण कर्तव्यात कसूर, ठपका आणि 5,672 डॉलर दंड इथवर येऊन थांबलं. कॅनडात लोकांचा संताप झाला, पण अफगाणिस्तानातली फौज त्या कारणाने परत आली नाही.

मार्च 2005 मध्ये बगदादच्या विमानतळाच्या रस्त्यावर इटलीचा गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी एका सोडवून आणलेल्या पत्रकार महिलेला घेऊन निघाला होता. अमेरिकी नाक्यावरून झालेल्या गोळीबारात तो मेला. इथे दोन्ही सरकारांनी मिळून चौकशी सुरू केली, पण एका निष्कर्षावर येता आलं नाही, तेव्हा दोन वेगळे अहवाल निघाले. अमेरिकी अहवालाने सैनिकांना निर्दोष ठरवलं. त्या अहवालातले गोपनीय भाग काळे करून तो प्रसिद्ध केला होता, पण मजकूर दुसरीकडे नकलून डकवला की काळ्या पट्ट्यांखालचं सगळं वाचता येत होतं! नावं अशीच बाहेर आली. इटलीच्या न्यायालयाने एका अमेरिकी सैनिकावर खटला चालवायला घेतला आणि 2007 मध्ये आपल्याला अधिकारच नाही म्हणून सोडून दिला. राजनैतिक संबंध कुठेच तुटले नाहीत.

अशा प्रकरणांत सरकारं सत्यशोधनाला बसतात, ही आपली समजूत आहे. प्रत्यक्षात आधी ठरतं की खटला कोणाच्या अधिकारात चालायचा, आणि तिथे बहुतेकदा बलवान दोस्ताचाच शब्द चालतो. मग लहान दोस्ताला घरी दाखवायला काहीतरी दिलं जातं. कधी वेगळा अहवाल, कधी भरपाई, कधी नवा नियम.

भारतानेही या खेळात, माणसं गमावलेल्याच्या बाजूने, भाग घेतला आहे. 15 फेब्रुवारी 2012 ला केरळच्या किनाऱ्याबाहेर एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. इटली काही शत्रू नव्हे. तरी 2013 मध्ये गोष्टी इतक्या ताणल्या की आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इटलीच्या राजदूतालाच देश सोडू नका असं बजावलं आणि तिकडे इटलीच्या परराष्ट्रमंत्र्याने राजीनामा दिला. 2020 मध्ये हेगच्या लवादाने ठरवलं की नौसैनिकांवर खटला भारतात चालणार नाही, पण भरपाई मिळेल. दहा कोटी रुपये ठरले. ते जमा झाल्यावर जून 2021 मध्ये आपल्या न्यायालयाने खटला बंद केला. यात शहाणपण नाही असं मी म्हणणार नाही. नऊ वर्षांच्या तणावापेक्षा मच्छीमारांच्या घरी पैसे पोचणं केव्हाही बरं. फक्त दोष कोणाचा, ते कोणत्याही भारतीय न्यायासनापुढे ठरलं नाही.

आता पुन्हा वऱ्हाडात. दोस्तीत मिळालेला मुलूख दोस्तीतच कसा गेला, ते पाहू. निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी राहिली. तिचं एक मोठं ठाणं एलिचपूरला होतं, आजच्या अचलपूर-परतवाड्यात. पगार निजामाने द्यायचे आणि हुकूम इंग्रजांनी सोडायचे. पगार थकत गेले, पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांच्या कर्जाने दरबार पोखरला, आणि शेवटी थकबाकीच्या बदल्यात 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गाकडचा भाग निजामाला कंपनीच्या ताब्यात द्यावा लागला. डलहौसीच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. बक्षीस दिलेली जमीन पन्नास वर्षांनी पगाराच्या हिशेबात परत घेतली गेली. ती जमीन कापसाची होती, हे लक्षात ठेवलेलं बरं. 1860 मध्ये रायचूर आणि नळदुर्ग परत मिळाले, वऱ्हाड नाही.

या फौजेतही दोस्तीच्या हातून जखम झालीच. एलिचपूर विभागाचा प्रमुख राहिलेला कॉलिन मॅकेंझी 1855 मध्ये हैदराबादजवळ बोलारमला ब्रिगेडियर होता. मोहरमच्या मिरवणुकीवरून तंटा झाला, त्याने स्वतः हस्तक्षेप केला आणि त्याच्याच घोडदळातल्या स्वारांनी त्याच्यावर तलवारी चालवल्या. तो वाचला, पण जबर जखमी झाला. डलहौसीच्या सरकारने जखमी ब्रिगेडियरचंच वागणं अविवेकी ठरवलं. दोनच वर्षांपूर्वीच्या तहाने ही फौज निजामाची राहिलेली नव्हती, म्हणून हैदराबादला खलिता पाठवून कोणाला जाब विचारण्याचा प्रश्नच उरला नाही. तो तह नसता तर या तलवारींचा हिशेब कोणत्या दरबाराने द्यायचा, यावर वर्षभर तरी कागद काळे झाले असते.

1902 मध्ये कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर. पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. 1918 मध्ये, महायुद्धातल्या मदतीबद्दल, निजाम मीर उस्मान अली खानला ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ असा किताब मिळाला. एकनिष्ठ दोस्ताने मग आपलं वऱ्हाड मागितलं. 1923 पासून पत्रं सुरू झाली. 1925 मध्ये त्याने लिहिलं की अंतर्गत बाबींत आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत. 27 मार्च 1926 ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर आलं: ब्रिटिश सत्ता भारतात सर्वोच्च आहे, आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करण्याचा हक्क सांगू शकत नाही. दोस्त या शब्दाचा 1804 मध्ये जो काही अर्थ असेल, तो त्या पत्राने संपवला.

तरीही दोस्ताला घरी दाखवायला काहीतरी द्यायचंच होतं. 1936 मध्ये नवा करार झाला. वऱ्हाडावर निजामाचं सार्वभौमत्व कागदावर मान्य झालं, कारभार मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारकडेच राहिला, आणि निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अमरावतीच्या कचेरीत त्याने एकाही कागदावर हुकूम लिहिण्याची सोय त्या करारात नव्हती.