शाळेत न गेलेल्या बाईचं विद्यापीठ!

दोस्तांनो, एक कोडं घालू? एक बाई होती. तिला लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. शाळेची पायरी ती कधी चढलीच नाही. आज तिचं नाव कशाला दिलंय, ओळखा पाहू! चक्क एका विद्यापीठाला! आणि तेही आपल्या जळगावात!

पण विद्यापीठ म्हणजे काय हो? खूप मोठी शाळा? छे! गावातली पाण्याची टाकी आठवा. टाकी एकच, पण नळ घरोघरी. तसं विद्यापीठ एक आणि त्याला जोडलेली कॉलेजं गावोगावी. जळगावला, धुळ्याला, अमळनेरला! परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, हे काम विद्यापीठाचं.

पूर्वी जळगाव-धुळ्याच्या आपल्या खानदेशाची ही टाकी कुठे होती, माहितीये? थेट पुण्यात! जळगावहून चारशेच्या आसपास किलोमीटर लांब! मुलं शिकायची जळगाव-धुळ्याला आणि पदवीवर नाव पुणे विद्यापीठाचं. मग १५ ऑगस्ट १९९० ला, ऐन स्वातंत्र्यदिनी, खानदेशाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ!

तेव्हा त्यात जिल्हे होते दोन, जळगाव आणि धुळे. आज आहेत तीन. नवा मुलूख जोडला? मुळीच नाही! १९९८ मध्ये धुळ्यातूनच नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. जमीन तेवढीच, जिल्हा मात्र एक जास्त!

विद्यापीठ आहे गिरणा नदीच्या काठी, बांभोरीजवळ. तिथल्या टेकड्या होत्या अगदी बोडक्या. मग पावसाचं पाणी अडवलं, झाडं लावली. आता बघा, त्याच टेकड्या कशा हिरव्यागार झाल्या आहेत!

आणि आपल्या कोड्यातली बाई? त्या बहिणाबाई चौधरी! जळगावजवळच्या असोद्याच्या. शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता त्यांना गाणी सुचायची. तीही आपल्या घरच्या बोलीत! त्यांचा मुलगा सोपानदेव, तोही कवी बरं का! आईची गाणी कागदावर उतरली ती घरच्यांमुळे. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी लेखक आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्या गाण्यांचं पुस्तक निघालं. २०१८ पासून विद्यापीठाचं नाव आहे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचं नाव आता हजारो मुलांच्या पदवीवर छापलं जातं!

तुमच्या आजीला येते का एखादी जात्यावरची ओवी? आजच विचारा आणि वहीत लिहून घ्या!