वर्षाला १०४ बाटल्या
अमेरिकेत पैसे घेऊन दिलेल्या रक्ताच्या पिशवीवर तसं स्पष्ट छापावं लागतं आणि रुग्णालयं सहसा ती घेतच नाहीत. प्लाझ्माचा व्यवहार मात्र राजरोस चालतो. तासभर खुर्चीत पडून राहायचं, की कार्डावर तीस ते सत्तर डॉलर जमा.

हातातून आलेलं रक्त यंत्रात गरगर फिरतं. पिवळसर प्लाझ्मा बाटलीत उतरतो, तांबड्या पेशी अंगात परत जातात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून परतीच्या फेरीत ओठांना मुंग्या येतात. पेशी परत मिळत असल्यानेच सात दिवसांत दोनदा, मध्ये एक दिवस सोडून, प्लाझ्मा देता येतो. म्हणजे वर्षाला १०४ वेळा!

गेलेलं पाणी शरीर दिवस-दोन दिवसांत भरून काढतं. प्रथिनांचं तसं नसतं. संसर्गाशी लढणाऱ्या आयजीजी प्रतिपिंडांचा अर्धायुकाल सुमारे तीन आठवडे. त्यांचा साठा इतक्या झपाट्याने भरत नाही आणि सतत प्लाझ्मा देणाऱ्यांत त्यांची पातळी उतरलेली दिसते. युरोप परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं वर्षाला ३३ वेळांवर थांबतात. देणाऱ्याला मोबदला देणारा जर्मनीही ६०च्या पुढे जात नाही. शरीर तेच, मग आकड्यांत एवढी तफावत का? माझ्या मते ती गरजेपोटी आलेली आहे. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाला १३०हून अधिक वेळा दिलेला प्लाझ्मा लागतो, असं हा उद्योगच सांगतो. जगभरात औषधांसाठी लागणाऱ्या प्लाझ्मापैकी सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेतून येतो. विनामोबदला दानाचा आग्रह धरणारे युरोपातले देशही तो विकत घेतात.

हजारोंचा प्लाझ्मा एकत्र करून औषध बनतं, त्यामुळे एक दूषित बाटली पुष्कळांना भोवू शकते. १९८०च्या दशकात हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना अशाच औषधातून एचआयव्हीची लागण झाली. आज विषाणू निष्प्रभ करणाऱ्या प्रक्रिया आहेत, प्रत्येक बाटलीची चाचणीही होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. अमेरिकेत मात्र प्लाझ्मा केंद्र उघडलं की त्या भागातल्या तरुणांची चढ्या व्याजाच्या अल्पमुदती कर्जांची मागणी घटते, असं अर्थतज्ज्ञांना आढळलं आहे. घरभाडं थकलेल्या माणसाला आयजीजीची पातळी सांगून तो पुढच्या वेळी थांबेल, असं मला वाटत नाही. मर्यादा कायद्यानेच घालायला हवी.