शास्त्र आणि सुख

धर्मग्रंथ माणसाला दुःख विसरायला लावतो, एवढेच त्याचे काम, असे कामगारांच्या सभांतून पुष्कळदा बोलले जाते. न्हावा शेव्याच्या बंदरात संघटनेचे काम करताना आम्हीही हे ऐकत आलो. पण ख्रिस्ती शास्त्रभक्तीचे आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण पाहिले, म्हणजे हा आक्षेप तोकडा पडतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तेवढ्याने मनाला शांती लाभली नाही. ती पुढे काही वर्षांनी, शास्त्र वाचता वाचता लाभली, असे त्यांनीच सांगितले आहे. धर्म स्वीकारणे निराळे आणि वचनाशी जीव जडणे निराळे.

या शांतीने त्यांना स्वस्थ मात्र बसू दिले नाही. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी केडगावी आश्रय दिला, लिहावाचायला शिकविले, छापखान्याचे काम दिले. साध्यासुध्या बाईलाही शास्त्र कळावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, त्याआधी ते तडीस नेऊनच.

कराराचा कागद न वाचता अंगठा उमटविणारा मजूर आम्ही पाहिला आहे. त्यातला शब्द कळला, की त्याच मजुराची मान ताठ होते. शास्त्राचेही तसेच आहे. दुःख टळले म्हणजे सुख आले, असे नव्हे. ज्या वचनाने आपल्याला उभे केले, ते दुसऱ्याच्या हाती पोहोचविण्यात खरे सुख आहे. आणि ते दुःखातही पुरून उरते.