पुढे धोक्याचं वळण आहे!

डिझाइनला असा, आर्किटेक्चरला असा किंवा इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला असा, वर्कशॉपमधली ही वेळ तुमच्यावर कधी ना कधी येतेच. सबमिशन तोंडावर आलंय. खुर्चीचा हात कापून झालाय, मस्त नागमोडी, ड्रॉइंगमध्ये होता तस्साच. करवतीच्या खुणा मात्र अजून अंगभर आहेत. मग आपण म्हणतो, झालंच की, आता फक्त पॉलिशपेपर मारायचा!

हे ‘फक्त’ फार फसवं असतं. चांगला कापलेला जॉब बिघडतो तो बऱ्याचदा इथंच. करवतीचे दात डोळ्यांना दिसतात, म्हणून तिथं आपण घाबरून, जपून असतो. सँडिंग मशीनचे दात दिसत नाहीत. पण जो 80 नंबरचा पेपर सागवान खातो, त्याला तुमचं नख खायला किती वेळ लागणार?

सरळ फळी घासणं तसं सोपं. वळणाची गोष्ट वेगळी. मशीनच्या घासणाऱ्या भागाला स्वतःचा एक आकार असतो, तुमच्या तुकड्याला दुसराच. ते दोन आकार एकमेकांशी जुळले तरच वळण गुळगुळीत होतं. खुर्चीचा नागमोडी हात एकीकडे फुगीर असतो आणि दुसरीकडे खोलगट, म्हणजे एकाच तुकड्याला दोन वेगळी मशीनं लागतात.

फुगीर बाजू डिस्क सँडरवर. ही उभी गोल तबकडी फिरते तेव्हा तिची एक बाजू खाली टेबलाकडे येत असते आणि दुसरी वर जात असते. काम करायचं ते फक्त खाली येणाऱ्या बाजूवर. तिथं मशीनच तुमचा तुकडा टेबलावर दाबून धरतं. वर जाणाऱ्या बाजूला लावलात तर तोच तुकडा उडून तोंडावर येईल. टेबल आणि तबकडी यांच्यात फटही बारीक हवी, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर छोटा तुकडा आत ओढला जातो आणि त्याच्या मागोमाग बोट. अजून एक गंमत आहे. तबकडी मध्यापाशी हळू आणि कडेला जोरात फिरते, त्यामुळे हाताचा दाब तोच असला तरी कडेला लाकूड जास्त खाल्लं जातं. म्हणून तुकडा एका जागी धरून ठेवायचा नाही, कुंभार मडकं फिरवतो तसा एका लयीत फिरवत राहायचा. थांबलात की तिथं सपाट चट्टा पडलाच.

खोलगट बाजूला स्पिंडल सँडर. टेबलातून वर आलेला उभा ड्रम, त्याला पेपर गुंडाळलेला. चांगल्या मशीनमध्ये तो फिरता फिरता वर-खालीही होतो, त्यामुळे पेपर एकाच जागी तापत नाही आणि लाकडावर आडव्या रेघाही उमटत नाहीत. इथं नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे बारीक ड्रम लावणं. मोठ्या वळणात बारीक ड्रम फिरवला की लाटा उठतात, घाटातल्या खराब रस्त्यासारख्या. त्या वळणात मावेल असा सगळ्यात मोठा ड्रम लावा. आणि तुकडा ड्रमच्या फिरण्याच्या उलट दिशेनं सरकवा. त्याच दिशेनं सरकवलात तर ड्रम तो तुमच्या हातातून ओढून घेतो.

आता खरं बोलू. सगळ्याच कॉलेजांत स्पिंडल सँडर नसतो. उभी ड्रिल मशीन मात्र बहुतेक ठिकाणी असते, आणि तिच्यात सँडिंग ड्रम बसवता येतो. जुगाड आहे, पण चालणारा. फक्त एक लक्षात ठेवा, ड्रिल मशीन घडवलेली असते वरून खाली दाब देण्यासाठी, बाजूनं रेटण्यासाठी नाही. जोरात रेटलंत तर बेअरिंग खराब होतं, कधी चक सैल होऊन फिरता फिरता निखळतोही. तेव्हा दाब हलका आणि वेग कमी. ड्रमखाली भोक पाडलेली प्लायवूडची पाटी ठेवा. ड्रमचा खालचा काठ त्या भोकात गेला की तुकड्याची खालची कडाही घासली जाते, नाहीतर तिथं एक उंचवटा राहतो.

एक जुगाड मात्र करूच नका. चार इंची ग्राइंडरला सँडिंगची डिस्क लावून एका हातात ग्राइंडर, दुसऱ्या हातात लाकूड. साइटवर सर्रास दिसतं. ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. तो लाकडात अडकून उसळला, तर तुमची प्रतिक्षिप्त क्रिया काही कामाची नाही.

लाटणं, भोवरा असली लेथवरची कामं असतील तर घासण्याआधी हत्यार टेकवायची पट्टी काढून बाजूला ठेवा. पेपरची पट्टी बोटाला कधीच गुंडाळू नका. चिमटीत अशी धरा की ओढ बसली तर सुटून जाईल.

गळ्यातलं आयकार्ड हा कॉलेजवाल्यांचा खास धोका. ओढणी, हुडीच्या नाड्या, मनगटातला कडा आणि धागे, मोकळे केस, सगळं काढून किंवा बांधून या. आणि ग्लोव्हज घालू नका. विचित्र वाटेल, पण फिरत्या मशीनपाशी ग्लोव्हज हात वाचवत नाहीत. त्यांचा धागा अडकला की अख्खा पंजा आत जातो. गॉगल मात्र हवाच. इअरफोनही ठेवा खिशात, कारण पेपर भरला, लाकूड अडकलं, हे मशीन आधी आवाजातून सांगतं. तुकडा अगदीच छोटा असेल तर बोटात धरू नका. मोठ्या फळीपासून वेगळा करण्याआधीच त्याचं वळण घासून घ्या, किंवा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं एका ठोकळ्यावर चिकटवा.

पेपरचे नंबर म्हणजे 80, मग 120, मग 180. मधला गाळायचा मोह होतो, पण 80 च्या रेघा 180 नं जात नाहीत, नुसत्या चमकायला लागतात आणि पॉलिश चढल्यावर ठळक दिसतात. दर नंबरआधी सगळ्या वळणावर पेन्सिलीनं गिरमिट करा. जिथं पेन्सिल पुसली गेली नाही तिथं खड्डा आहे. मोबाइलचा टॉर्च आडवा धरूनही पाहा. काळा डाग पडला तर लाकूड जळलंय, म्हणजे दाब जास्त झालाय किंवा पेपर भरलाय. भरलेला पेपर जुन्या बुटाच्या क्रेप सोलनं साफ होतो, फेकून देऊ नका. शेवटचा हात मशीनचा नको, तुमचा. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं.

इथवरच्या चुका लगेच दिसतात. पुढची दिसत नाही.

लंडनजवळचं हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. वाकवलेल्या पाठीच्या विंडसर खुर्च्या तिथल्याच कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केल्या. 1960 च्या दशकात तिथल्या नाक-कान-घसा तज्ज्ञ डॉ. एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या पोकळीतला एक अत्यंत दुर्मीळ कॅन्सर फर्निचर कामगारांनाच फार होतोय. 1968 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला. संशय होता लाकडाच्या धुळीवर. 1995 मध्ये कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर घडवते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत.

घाबरू नका, एका सेमिस्टरच्या सँडिंगनं असं काही होत नसतं. तो कॅन्सर अनेक वर्षं धूळ खाल्लेल्यांचा. पण तुमच्या वर्कशॉपमधले असिस्टंट काका आठवा. तुम्ही बॅच संपवून कँटीनला जाता, ते तिथंच असतात. तुमची धूळ, मग दुसऱ्या बॅचची, मग पुढच्या वर्षीची. जमिनीवर पडतो तो जाडा भुसा, तो बिचारा निरुपद्रवी. सँडिंगची बारीक पूड हवेत तरंगत राहते. ज्युनिअर मुलं कपड्यांवरची धूळ काढायला कॉम्प्रेसरची हवा मारतात, तेव्हा ती पुन्हा सगळ्यांच्या नाकात जाते.

म्हणून मशीन सुरू करण्याआधी डस्ट कलेक्टरची पिशवी रिकामी आहे का बघा. ती भरलेली असेल तर कलेक्टर नुसता आवाज करतो. काम झालं की व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं, कॉम्प्रेसर नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन 95 मास्क घाला, नाकावरची पट्टी नीट दाबून. कोविडच्या काळातले घरात पडून असतील, पण इलास्टिक सैल झालेला मास्क कडेनं हवा आत घेतो, त्यापेक्षा नवा घ्या.

घेताना दोन घ्या. एक काकांना द्या. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणून ते हसतील, तरी द्या. आणि त्यांनी घातला नाही, तर निदान तुमचा सँडर चालू असताना खिडकी उघडी ठेवा.