जुन्या मराठीतील वर्तमानकाळ

जुन्या मराठीतील वर्तमानकाळ हा यादवकालीन मराठीत धातूला थेट पुरुषवाचक प्रत्यय लावून साधला जाणारा काळ होय. 'करी', 'म्हणे', 'जाणती' ही त्याची रूपे आहेत. आजच्या मराठीत हीच रूपे रीती भूतकाळाची मानली जातात. 'आजी रोज पहाटे उठे' या वाक्यातील 'उठे' पूर्वीच्या सवयीचा बोध करून देते. ज्ञानेश्वरीत मात्र 'उठे' म्हणजे 'उठतो' किंवा 'उठते'.

ज्ञानेश्वरी आणि नेवासे

या काळाचा सर्वांत समृद्ध साठा ज्ञानेश्वरीत आढळतो. शके 1212 (इ.स. 1290) मध्ये प्रवरेकाठच्या नेवासे येथे हा ग्रंथ सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. नेवासे आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. ग्रंथ गीतेवरील टीका असल्यामुळे आत्मा कसा असतो, ज्ञानी कसा वागतो, मन कोठे धावते अशा त्रिकालाबाधित गोष्टींची त्यात रेलचेल आहे. अशा विधानांना वर्तमानकाळ लागतो, म्हणून ही रूपे पानोपानी भेटतात. आजच्या सवयीने वाचणाऱ्याला त्यांत भूतकाळ दिसतो. नित्य सत्य म्हणून मांडलेले विवेचन मग होऊन गेलेल्या गोष्टींचे वर्णन वाटू लागते. हा गैरसमज एखाद्या कठीण शब्दाच्या अज्ञानापेक्षा अधिक घातक आहे, कारण कठीण शब्द अडवतो, ओळखीचे रूप अडवत नाही.

रूपसिद्धी

'करणे' या धातूची रूपे अशी: मी करीं, तूं करिसी, तो करी, आम्ही करूं, तुम्ही करा, ते करिती. 'बैसणे' या धातूची एकवचनी रूपे बैसें, बैससी, बैसे अशी होतात व तृतीयपुरुषी अनेकवचन बैसती असे होते. ढोबळमानाने अकर्मक धातू 'ए' घेतात व सकर्मक धातू 'ई'. 'मरे' आणि 'मारी', 'तरे' आणि 'तारी' या जोड्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. त्याचे मूळ संस्कृतात आहे. संस्कृत 'भणति' प्राकृतात 'भणइ' झाले व मराठीत 'म्हणे'. प्रयोजक 'मारयति' हे 'मारेइ' होऊन 'मारी' बनले. अर्थाने सकर्मक असूनही 'म्हणे', 'जाणे', 'देखे' ही रूपे एकारान्तच राहिली, म्हणून हा नियम सकर्मकत्वापेक्षा व्युत्पत्तीवर अधिक अवलंबून आहे. स्वरान्त धातूंची रूपे 'जाय', 'खाय', 'होय' अशी होतात. त्यांचे अनेकवचन 'जाती', 'खाती', 'होती'. यांपैकी 'होती' विशेष फसवे आहे: ज्ञानेश्वरीत त्याचा अर्थ 'होतात' असा असू शकतो, तर आजचा वाचक त्याला 'होता'चे स्त्रीलिंगी रूप समजतो.

नकार पुष्कळदा धातूला चिकटून येई. 'न' आणि 'जाणे' मिळून 'नेणे', 'न' आणि 'होय' मिळून 'नव्हे'.

लिंगनिरपेक्षता व स्पॅनिशशी तुलना

या रूपांत लिंगभेद नाही. पुरुष वा स्त्री, दोघांनाही 'म्हणे' चालते. आधुनिक 'करतो', 'करते' ही रूपे धातुसाधित विशेषणावर उभी असल्याने एकवचनात लिंग दाखवतात (देशावरच्या अनेक बोलींत स्त्रीलिंगी रूप 'करती' असे उच्चारले जाते). या बाबतीत जुनी मराठी आजच्या मराठीपेक्षा स्पॅनिशला जवळची ठरते. स्पॅनिशमध्ये 'आब्लार', म्हणजे बोलणे, या नियमित क्रियापदाचा शेवटचा 'आर' काढून आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान अशी सहा रूपे करतात. रूपावरूनच पुरुष व वचन कळत असल्याने कर्ता उच्चारण्याची गरज बहुधा पडत नाही, आणि 'आब्ला' हे तो, ती किंवा आदरार्थी 'आपण' या सर्वांना लागू पडते. दोन्ही भाषांतील साम्य केवळ योगायोगाचे नाही. 'आब्लास'मधील अन्त्य 'स' व 'करिसी'मधील 'सी' हे द्वितीयपुरुषी प्रत्यय अनुक्रमे लॅटिन व संस्कृत यांतून आले असून त्यांचा उगम एकाच मूळ इंडो-युरोपीय प्रत्ययात आहे. 'आहेस', 'करतोस' यांतील 'स'देखील त्याच कुळातला.

अर्थबदल

धातूला 'त' लावून केलेली रूपे ज्ञानेश्वरीतही आहेत. पुढे वर्तमानकाळाचे काम त्यांनीच घेतले. जुनी रूपे काव्य, म्हणी आणि सवयीचे कथन यांपुरती उरली, व कथन बहुधा गतकाळाचे असल्यामुळे त्यांना भूतकाळाचा अर्थ चिकटला. शेजारच्या भाषांनी वेगळ्या वाटा धरल्या: गुजरातीत 'करे छे' असे साहाय्यक क्रियापद जोडून जुने रूप वर्तमानातच राहिले, तर हिंदीतील 'करे' इच्छा किंवा संभाव्यता दाखवू लागले. स्पॅनिशमध्ये लॅटिनमधून आलेला वर्तमानकाळ वर्तमानकाळच राहिला.

अभ्यास

ज्ञानेश्वरीच्या प्रती करताना रूपे बदलत गेली. एकनाथांनी शके 1506 मध्ये पाठशुद्धी केली ती अशाच बिघाडामुळे. वि. का. राजवाडे यांचे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण 1909 मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथात ही रूपे ई-आख्यातात येतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी प्राकृतापासूनची त्यांची वाटचाल तपासली.

आजचे अवशेष

'देव तारी त्याला कोण मारी', 'मनी वसे ते स्वप्नी दिसे', 'चिंती परा ते येई घरा' या म्हणींत जुना वर्तमानकाळ जसाच्या तसा आहे. त्या कोणी भूतकाळी समजत नाही. ऐकीव गोष्ट सांगताना वापरले जाणारे 'म्हणे' हे त्याच काळाचे गोठलेले रूप आहे. 'करू नये'मधील 'नये' म्हणजे 'न ये'. याच काळाचे कर्मणी रूप 'करिजे', 'बोलिजे' असे 'इजे' लावून होई. 'पाहिजे' आणि 'म्हणिजे' यावरून आलेले 'म्हणजे' हे दोन शब्द त्या कर्मणी रूपाचे वारस आहेत.