फेऱ्या किती? लाखेच्या तबकड्या आणि आजची भारी टर्नटेबलं

अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. १९४६ साली ते गेले, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आलेली नाही. ती गायकी कानाने तपासायची तर शिष्यपरिवाराकडे वळावं लागतं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. एवढ्याशा पुराव्यावर आपण सुरालयीबद्दल विधानं करतो, म्हणून तो वाजवणारं यंत्र कोणतं हा प्रश्न मला हौसेपुरता वाटत नाही.

भारी टर्नटेबलांची घराणी मुख्यतः तीन. ग्लासगोचं ‘लिन सोंडेक एलपी १२’ १९७२ पासूनचं. मोटर बाजूला, तबकडीचं ताट स्प्रिंगांवर तोललेलं आणि मध्ये रबरी पट्टा. त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत येत नाही. त्याच साली आलेल्या जपानी ‘टेक्निक्स एसएल १२००’मध्ये पट्टाच नाही, ताट थेट मोटरवर फिरतं. तिसरं आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं इंग्लंडचं ‘गॅरार्ड ३०१’. त्यात मोटरच्या पुलीला चिकटलेलं रबरी चाक जड ताटाला कडेने रेटतं.

लाँगप्ले ऐकायची तर मी लिन घेईन. तंबोऱ्याची आस त्यावर जितकी शांत ऐकू येते तितकी इतर दोहोंवर मला आली नाही. पण मूळचं लिन फक्त ३३⅓ फेऱ्यांचं. किंमत लाखांत, आणि केसरबाईंची लाखेची तबकडी त्यावर लावताच येत नाही! गॅरार्डला ७८ आहे, वेग थोडा कमीजास्त करायची मूठही आहे. टेक्निक्सच्या २०१६ नंतरच्या वरच्या मॉडेलांतही ७८ आहे आणि वेग सोळा टक्क्यांपर्यंत हलवता येतो.

सोळा टक्के कशाला, असं कुणी विचारेल. ‘७८’ हे नाव पुढे रूढ झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या सत्तरीच्या आतबाहेरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने कापलेल्या असत आणि लेबलावर बहुधा तो आकडा नसे. वेग सहा टक्क्यांनी वाढला की षड्ज अर्ध्या स्वराने चढतो. म्हणजे ७४ फेऱ्यांना मुद्रित केलेलं गाणं ७८ वर लावलं तर काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. लयही तेवढीच वाढते, तान उगाच चपळ वाटते आणि आवाज कोवळा होतो. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या ऐकून त्यांच्या तरुणपणीच्या पट्टीबद्दल लिहिणाऱ्याने आधी फेऱ्या मोजाव्यात. साथीला पेटी असेल तर थोडा आधार मिळतो, नाहीतर कान.

१९७७ साली केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तेव्हा ही काळजी घेतली होती. ती तबकडी १६⅔ फेऱ्यांची. एका फेरीला ३.६ सेकंद लागतात, हे हायड्रोजनच्या अणूचं कालमाप वापरून आवरणावर कोरलं आहे. सोबत सुईही दिली आहे.

सुईचं महत्त्व कमी नाही. लाँगप्लेच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, लाखेच्या तबकडीला ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तिथली धूळ वाजवते. पन्नास हजारांचं लाँगप्लेचं कार्ट्रिज आणि ७८ साठीचं साधं कार्ट्रिज यांत लाखेच्या तबकडीवर साधंच जिंकतं.

म्हणून कोल्हापूरच्या गायकीसाठी माझी निवड टेक्निक्स. जुनं गॅरार्ड मनाला जास्त भावतं, हे खरं. माझ्याकडचं गॅरार्ड अमेरिकेतून आलेलं, म्हणजे ६० सायकलच्या विजेचं. आपल्या ५० सायकलवर त्याचे ७८ चे ६५ होतात. शिवाजी उद्यमनगरात एका टर्नरने लेथवर वीस टक्के मोठ्या व्यासाची पुली कातून दिली. “हे कशाचं?” एवढंच त्याने विचारलं. गाण्याचं म्हटल्यावर त्याने पुली पुन्हा एकदा मापून पाहिली.

वेग तपासायला पट्ट्यांची कागदी चकती मिळते. आपल्या विजेसाठी ७८ च्या वर्तुळात ७७ पट्ट्या असतात. त्या स्थिर दिसल्या की वेग नेमका ७७.९२ असतो. पण ही चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली पाहावी. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली त्या पट्ट्या दिसतच नाहीत.